कानाखालचा काटा

केतकी इंगवलेने यंत्रात मान दिली ती निव्वळ नवऱ्याची अडचण भागावी म्हणून.

साताऱ्याच्या एमआयडीसीत ‘निरामय यंत्रणा’ नावाची एक मध्यम आकाराची कंपनी होती आणि धैर्यशील इंगवले तिथे मुख्य अभियंता होता. कित्येक वर्षं खपून त्याच्या गटाने ‘ग्रीवालेख’ हे यंत्र उभं केलं होतं. चाचणीसाठी आता धडधाकट माणसं हवी होती. कंपनीतल्या सगळ्यांच्या माना तपासून झाल्या, शेजारच्या कारखान्यातल्या लोकांच्या झाल्या, तरी संख्या भरेना. मग एका रविवारी धैर्यशीलने बायकोला गाडीत घातलं.

केतकी मल्लखांब शिकवायची. सात वर्षांची असल्यापासून ती खांबावर आणि दोरीवर होती. राष्ट्रीय स्पर्धांतली पदकं घरातल्या एका कपाटात अस्ताव्यस्त पडलेली असायची आणि तिच्या तळहातांना खांबाला चोळायच्या एरंडेलाचा वास कायमचा चिकटला होता. तिचा आवाज खणखणीत होता. व्यायामशाळेच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या मुलीची टाच सुधारायची.

गळ्याभोवती पट्टा बसला. आतून तो गार आणि ओलसर होता. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, छताकडे बघ, आवंढा गिळ, असं धैर्यशील काचेपलीकडून सांगत होता. केतकीला हसू येत होतं, कारण घरी तो तिला कधी काही करायला सांगत नसे. मग तो म्हणाला, “पुन्हा डावीकडे.” मग परत, “डावीकडे. सावकाश.” चौथ्या वेळी त्याचा आवाज बदलला. त्याने सहाय्यकाला थांबवलं, स्वतः आत आला आणि पट्टा इतक्या हलक्या हाताने सोडवला, की केतकीचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

त्याने काय पाहिलं होतं, ते समजायला थोडी शरीररचना सांगावी लागेल.

हृदयाकडून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाते. जबड्याच्या कोनाशी तिच्या दोन फांद्या होतात. त्यांतली आतली फांदी थेट कवटीत शिरते. त्याच ठिकाणी, कानाच्या खाली, कवटीचं एक बारीक टोकदार हाड काट्यासारखं खाली आलेलं असतं. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला शरप्रवर्ध म्हणतात. बहुतेकांत ते अंगठ्याच्या पेराएवढं असतं, काहींत बरंच लांब वाढतं. धमनीचंही तसंच. पुस्तकातल्या चित्रात ती सरळ वर जाते, पण खऱ्या माणसांत तिचे नाना प्रकार असतात. कुणाची हलकी वळण घेते, कुणाची कोपरासारखी दुमडते, तर कुणाची चक्क वेटोळं घालून मग वर जाते. वळणदार धमनी बाजूला सरकते आणि हाडाच्या जवळ येते.

आतापर्यंतची यंत्रं स्थिर मानेचं चित्र काढत. मान हलते तेव्हा धमनी आणि हाड यांच्यातलं अंतर किती उरतं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. ग्रीवालेख नेमकं तेच दाखवायचं. धमनी हाडावर घासली तर तिचं आतलं अस्तर फाटू शकतं. त्या फटीत रक्त शिरतं, गुठळी होते, गुठळी मेंदूत जाते आणि तिशी-पस्तिशीचा निरोगी माणूस बोलता बोलता कोसळतो. पक्षाघात झालेल्या शेकडो तरुण रुग्णांच्या माना निरामयच्या लोकांनी तपासल्या होत्या. बहुतेकांत धमनी हाडाला खेटलेली सापडली होती. त्यावरून सरळ अनुमान निघत होतं की जवळीक हाच धोका.

केतकीच्या डाव्या बाजूची धमनी वेटोळं घालून वर जात होती. ती डावीकडे बघे तेव्हा ते वेटोळं हाडाच्या टोकाला टेकत होतं.

परतीच्या वाटेवर धैर्यशीलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. सांगताना तो समोरच्या काचेकडे बघत होता.

“मी सव्वीस वर्षं उलटी लटकतेय,” केतकी म्हणाली. “काही व्हायचं असतं तर झालं असतं.”

“दादालाही काही झालं नव्हतं,” तो म्हणाला. “होईपर्यंत.”

विक्रांत हा त्याचा थोरला भाऊ. केस कापून झाल्यावर त्याने नेहमीसारखी न्हाव्याकडून मान मोडून घेतली होती. कडकन आवाज आला, बरं वाटलं, घरी आला. दोन दिवसांनी अंघोळीच्या बादलीत हात घातला तो हात बाहेरच काढता येईना. आठवड्याच्या आत गेला. चौतीस वर्षांचा होता. धैर्यशील तेव्हा दुसऱ्याच कसल्या तरी पंपांचे आराखडे काढत होता. ते सोडून तो मानेच्या मागे लागला, तो त्या दिवसापासून.

केतकीने त्याला विचारलं, “दादांची शीर पण माझ्यासारखीच वेटोळं घातलेली होती का?”

“नाही, सरळ होती. हाड मात्र लांब होतं,” तो म्हणाला. “पण त्याला झटका बसला होता. ते वेगळं प्रकरण.”

तिने विषय तिथेच सोडला. त्याच्या भावाच्या बाबतीत तिने कधीच जास्त विचारलं नव्हतं.

पुढच्या दीड वर्षात ग्रीवालेख सगळीकडे पोचलं. आधी मोठ्या रुग्णालयांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग गाडीवर बसवून गावोगाव. प्रत्येक नागरिकाच्या फोनवरच्या आरोग्यखात्यात रक्तगटाच्या खाली मानेचा रंग आला. हिरवा म्हणजे निर्धोक, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे धोका. उंचावर काम करणाऱ्यांना, अवजड वाहनं चालवणाऱ्यांना आणि खेळाडूंना हिरवा रंग सक्तीचा झाला. केशकर्तनालयांतून ‘येथे मान मोडली जात नाही’ अशा पाट्या लागल्या. लग्नाच्या स्थळांमध्ये उंची आणि शिक्षणासोबत मान हिरवी असल्याचं लिहून येऊ लागलं. लाल मानेची माणसं ओळखू येत. कुणी हाक मारली की ती अख्ख्या अंगानिशी वळत.

चाचणीतली माहिती खात्यात जाणार नाही, असं धैर्यशीलने केतकीला सांगितलं होतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण नियम पक्के झाले तेव्हा चाचणीतले निकालही त्यांत धरले गेले. एका सकाळी केतकीच्या फोनवर लाल गोळा उमटला.

व्यायामशाळेचे प्रमुख आप्पा बर्गे तिला लहानपणापासून ओळखत. त्यांनीच तिला पहिल्यांदा खांबावर चढवलं होतं. त्यांनी तिला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलत राहिले. शेवटी म्हणाले की विमा कंपनीने पत्र दिलंय, लाल मानेचा प्रशिक्षक खांबाला हात लावणार असेल तर अख्ख्या शाळेचा विमा बंद. तिने खुर्चीवर बसून शिकवावं. केतकीने ते मान्य केलं. पण मल्लखांब बसून शिकवता येत नाही. पोरीचा तोल जातो तिथे प्रशिक्षकाचा हात आधीच पोचलेला असावा लागतो. पालकांना ते कळत होतं. एकेक करून मुली दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेल्या. जाताना पाया पडून गेल्या, हेच केतकीला जास्त लागलं.

पुण्यात निरामयचा सत्कार झाला तेव्हा ती धैर्यशीलबरोबर गेली होती. नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. सभागृह डॉक्टरांनी भरलेलं होतं. धैर्यशील व्यासपीठावर उभा राहून सांगत होता आणि त्याच्यामागच्या भिंतभर पडद्यावर एक मान आतून दिसत होती. मान वळली, धमनीचं वेटोळं सरकत आलं आणि पांढऱ्या हाडाला टेकलं. सभागृहात एक हलकी कुजबुज उठली. आपली मान आतून कुणालाच ओळखता येत नाही, केतकीलाही आली नसती. पण धैर्यशीलने तिथे आवाज जरा खाली आणला. “तेहतीस वर्षांची क्रीडाप्रशिक्षक,” तो म्हणाला, “आजवर कुठलंही लक्षण नाही.” त्या आवाजावरून तिने ओळखलं.

घरी आल्यावर तिने विचारलं की हे चित्र अजून किती ठिकाणी दाखवलंय. त्याने खोटं सांगितलं नाही. सगळीकडे दाखवलंय, म्हणाला. एवढं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही, आणि त्यात तिचं नाव कुठेच नाही.

“नाव नसलं म्हणजे मान माझी नाही का?”

“केतकी, ते चित्र बघून लोक तपासून घेतात. माणसं वाचतात.”

“मग मला एकदा विचारायला काय झालं होतं?”

ती नाही म्हणेल, याची त्याला भीती होती, हे दोघांनाही कळलं.

त्यानंतर घर शांत झालं. धैर्यशील तिच्यावर नजर ठेवायचा. ती माळ्यावरचा डबा काढायला मान वर करी, तो खुर्ची सोडून धावत येई. तिने केस धुवायला डोकं वाकवलं की त्याची आई न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राही. सासूबाईंनी एक मुलगा गमावला होता. त्या बोलत काही नसत, फक्त बादलीकडे बघत राहत. केतकीला आपल्याच घरात आपण उतू जाणारं दूध झालोय, असं वाटू लागलं.

इलाज होता. डॉक्टर सुमेधा रणनवरे नावाच्या शल्यचिकित्सक पुण्यात तो करत. कानाखाली छेद घेऊन हाडाचं टोक छाटून टाकायचं. हाड गेलं की धमनी कशावर घासणार? वेटोळं तसंच राहिलं तरी अंतर वाढायचं आणि लाल मान हिरवी व्हायची. ऑपरेशन लहान होतं. तिथून काही महत्त्वाच्या नसा जातात, त्यांना धक्का बसायची शक्यता अगदी थोडी, असं रणनवरेंनी स्वच्छ सांगितलं होतं.

केतकीला ते नको होतं. जे कधी दुखलं नाही ते कापायचं कशाला, हा तिचा प्रश्न साधा होता. धैर्यशीलने आग्रह सोडला नाही, पण जबरदस्तीही केली नाही. ती तयार झाली ते सासूबाईंमुळे. एका दुपारी त्या तिच्याजवळ येऊन बसल्या, तांदूळ निवडायचं तिचं ताट बाजूला सारलं आणि तिचा हात हातात घेतला.

“मी एकदा पोराला बघितलंय,” त्या म्हणाल्या. “बादलीपाशी. तुला बघायचं बळ माझ्यात नाही. तू गेलीस तर हा पण राहायचा नाही. माझ्यासाठी करून घे.”

केतकीने त्यांचा हात सोडवून घेतला नाही. तिला स्वतःच्या मानेची भीती कधी वाटली नव्हती. पण दोन माणसांची भीती रोज उरावर घेऊन ती थकली होती. शिवाय मान हिरवी झाली तर खांब परत मिळणार होता. तिने होकार दिला.

ऑपरेशन रणनवरेंनी नीट केलं. हाडाचं टोक निघालं. पण धमनीचं ते वेटोळं नसांच्या मधून गेलेलं होतं आणि हाडापर्यंत पोचायला ते बाजूला धरून ठेवावं लागलं. त्या ताणाने गिळण्याची नस आणि आवाजाची नस दुखावली. काही महिन्यांत सुधारेल, असं त्या म्हणाल्या. थोडं सुधारलंही. पाणी नाकातून येणं बंद झालं. आवाज मात्र परत आला नाही. घशातून हवा यायची आणि तिच्यावर शब्द कसेबसे तरंगायचे. समोर बसलेल्यालाच तेवढे ऐकू यायचे.

आरोग्यखात्यात मान हिरवी झाली.

केतकी व्यायामशाळेत गेली. आप्पांनी सगळ्या मुलींना ओळीने उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, तळहाताला एरंडेल लावलं आणि खांबावर चढली. दंडात ताकद होती, मांड्यांत पकड होती. तिने पाय वर नेले, डोकं खाली सोडलं. तोंडातली लाळ उलटी घशात उतरली, श्वासनळीत गेली आणि ती खोकत खोकत खाली घसरली. आप्पांनी तिला कुशीवर घेतलं, पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. मग तिने जमिनीवरून शिकवायचं ठरवलं. खांबावरची मुलगी चुकीच्या बाजूला झुकत होती, तेव्हा केतकीने ओरडून सांगितलं. मुलीला ऐकू आलं नाही. ती पडली, मनगट मोडलं. मुलीच्या आईने तक्रार केली नाही. केतकीने स्वतःहून येणं थांबवलं.

ठसका लागू नये म्हणून घरात ती पूड घालून घट्ट केलेलं पाणी चमच्याने पिऊ लागली. चहातही तीच पूड घालावी लागे, त्यामुळे त्याला पेजेसारखी चव यायची. धैर्यशीलने तिच्यासाठी गळ्याला लावायचं एक छोटं आवाजयंत्र बनवलं. तिने ते एकदा लावून बघितलं. यंत्रातून आलेला आवाज स्वच्छ होता, कुणाचाही वाटेल असा. तिने ते काढून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. तरी त्या दोघांनी एक गोष्ट धरून ठेवली होती. ती जिवंत होती. हे सगळं झालं नसतं तर कदाचित नसती, असं म्हणता येत होतं. त्या एका वाक्याच्या आधाराने त्यांचा संसार उभा होता.

ते वाक्य तीन वर्षांनी गेलं.

ग्रीवालेखने देशभर लाखो माना तपासल्या होत्या. त्यांतल्या कुणाला पुढे पक्षाघात झाला आणि कुणाला नाही, याचा हिशेब लावायचं काम धैर्यशीलच्याच गटाकडे आलं. निकाल पाहून त्याने तो पुन्हा लावला, मग दुसऱ्या गटाकडून लावून घेतला. लाल मानेच्या ज्या लोकांनी ऑपरेशन करून घेतलं नव्हतं, ते हिरव्यांपेक्षा जास्त कोसळले नव्हते. उलट कमीच. वेटोळं असलेल्यांत तर जवळपास कुणीच नाही.

चूक मुळातच झाली होती. पहिल्या अभ्यासात ज्या रुग्णांच्या माना तपासल्या, त्या पक्षाघात होऊन गेल्यानंतर. अस्तर फाटलेली धमनी फुगते आणि फुगली की शेजारच्या हाडाला खेटते. म्हणजे जवळीक दिसत होती ती दुखण्यानंतर आलेली होती. तिलाच सगळ्यांनी दुखण्याचं कारण धरलं. खरा धोका अंतरात नव्हता, ताणात होता. वेटोळ्याची धमनी सैल असते. मान वळली की ती हाडावरून अलगद सरकते, आणि जिथे टेकते तिथे तिची भिंत वर्षानुवर्षं जाड होत जाते, तळहाताला घट्टे पडावेत तशी. सरळ धमनीला मात्र सरकायला वाव नसतो. हाड लांब असेल आणि मान जोरात वळली, तर ती तारेसारखी ताणली जाऊन त्या टोकावर कापली जाते. यंत्र अंतर अचूक मोजत होतं. मोजायला हवं होतं ते दुसरंच.

धैर्यशीलने हे कंपनीत सांगितलं तेव्हा कुणी त्याला खोटं पाडलं नाही. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठरवलं, की यंत्राची सुधारित आवृत्ती आणायची. ती अंतरासोबत ताणही मोजेल, रंग नव्याने ठरतील. ‘अधिक अचूक’ एवढंच जाहिरातीत लिहायचं. झालेल्या ऑपरेशनांबद्दल कुणी विचारलं तर सांगायचं, की त्या वेळच्या ज्ञानानुसार ती योग्यच होती. हे खरंही होतं. नवी आवृत्ती करू शकणारा माणूस धैर्यशीलच होता. त्याने राजीनामा लिहिला आणि दिला नाही.

घरी केतकी ओट्याशी उभी होती. त्याने तिला बसायला सांगितलं. ती बसल्यावर त्याने सगळं सांगितलं, शास्त्रासकट, जसं पहिल्या वेळी गाडीत सांगितलं होतं तसं. या वेळी तो तिच्याकडे बघून बोलत होता. मध्येच त्याने दादाचं नाव घेतलं. दादाची शीर कशी होती, हे तिने विचारलं होतं आणि आपण ते बाजूला सारलं होतं, असंही म्हणाला.

केतकीने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ती ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती. मग तिने त्याला जवळ यायची खूण केली, कारण तिचा आवाज टेबलापलीकडे पोचत नव्हता.

“आता माझं हाड गेलंय. शीर तशीच आहे,” ती म्हणाली. “नवं यंत्र काय म्हणेल मला?”

“हिरवी.”

“आणि कापलं नसतं तर?”

“हिरवीच.”

तिने मान हलवली. ती रडली नाही, चिडली नाही. उठून तिने गॅस लावला आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत तिथेच पाठमोरी उभी राहिली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत होती, पण लागेल तेवढंच. आवाज वाचवायची सवय तिला होतीच, त्यामुळे सासूबाईंना फरक कळला नाही.

नवी आवृत्ती तयार झाली तेव्हा ती आधी कंपनीतल्याच लोकांवर चालवली गेली. धैर्यशीलने पट्टा गळ्याला लावला. आधीच्या यंत्रात त्याची मान हिरवीगार होती. आता पडद्यावर उगवलेलं चित्र त्याने ओळखलं, कारण असंच एक त्याने पूर्वी पाहिलं होतं. लांब हाड आणि सुतासारखी सरळ धमनी, दोन्ही बाजूंना. दोघं भाऊ एकाच आईबापाचे. गोळा लाल झाला.

त्याने घरी येऊन जेवताना हे सांगितलं. सासूबाईंच्या हातातला घास खाली ठेवला गेला.

नंतरच्या दिवसांत ऑपरेशन करून घे म्हणून त्यांनी लेकाला नाना प्रकारे विनवलं. त्याने ऐकलं नाही. तो म्हणायचा, बघू, अजून माहिती येऊ दे. पण तो घाबरला होता. तो उशी न घेता झोपू लागला. गाडी चालवणं सोडलं. कुणी हाक मारली की अख्खा वळू लागला, खांदे, कंबर, पावलं, सगळं एकदम. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी त्याला मागून हाक मारत नसे.

शेवटी सासूबाई केतकीकडे आल्या. ती गच्चीत वाळवण काढत होती. त्यांनी डब्याचं झाकण लावून दिलं आणि तिथेच खाली बसल्या.

“तू सांग त्याला,” त्या म्हणाल्या. “करून घे म्हणावं. तुझं ऐकेल तो.”

केतकी त्यांच्यासमोर टेकली, म्हणजे ऐकू जावं. “माझं का ऐकेल?”

“तू करून घेतलंस. तू सोसलंस. तू सांगितलंस तर त्याला नाही म्हणता यायचं नाही.”

हे खरं होतं. केतकीलाही ते ठाऊक होतं. तिने एक शब्द उच्चारला असता तर धैर्यशील दुसऱ्या दिवशी रणनवरेंच्या टेबलावर जाऊन झोपला असता. शिक्षा म्हणून झोपला असता, आणि बरं वाटून घेतलं असतं. कदाचित त्याचा जीवही वाचला असता. नवं यंत्र बरोबर असेल तर. जुनंही बरोबरच होतं, बदलेपर्यंत.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. मला माहीत आहे. पण मी नाही सांगणार.”

“मग तो विक्रांतसारखा गेला तर?”

केतकीने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. हवा आली, शब्द आला नाही. तिने पुन्हा श्वास घेतला. “गेला तर गेला म्हणून रडेन. माझ्यासाठी कर, असं मात्र मी कुणाला म्हणणार नाही.”

सासूबाईंना राग आला असावा, किंवा काहीतरी कळलं असावं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

संध्याकाळी धैर्यशील बसमधून पोवई नाक्यावर उतरला. केतकी भाजी घेऊन परतत होती. तिला तो रस्त्यापलीकडे, आपल्यापुढे चालताना दिसला. पाठ ताठ, मान ताठ, डोक्यावर काही ठेवून चालल्यासारखा. त्याच्या पिशवीचा बंद सुटला होता आणि आतले कागद एकेक करून रस्त्यावर पडत होते. त्याला ते दिसणं शक्य नव्हतं. केतकीने सवयीने तोंड उघडलं. आवाज तिच्या स्वतःच्या कानापर्यंतही आला नाही. धावत जाऊन त्याला गाठता आलं असतं. अंतर फार नव्हतं, आणि तिचे पाय अजून चांगले होते.

ती थोडा वेळ उभी राहिली. तो पुढे चालत राहिला. मग तिने रस्ता ओलांडला आणि त्याच्या मागून, गाठायची घाई न करता, एकेक कागद उचलत चालू लागली.